इनेस गेडिसच्या दोन पिशव्या

इनेस गेडिस आमच्या क्रेगनेसमधला गिलावा करणारा. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या आहेत. मंगळवारी येतो म्हणाला की मंगळवारी सकाळी आठला थापी घेऊन दारात उभा. अशा माणसाने एकदाच खोटं बोलावं आणि तेही बायकोच्या देखत, हे त्याला फार लागलं.

आमच्याकडे गोल्फ सगळेच खेळतात, खाटीकसुद्धा आणि डॉक्टरीणबाईसुद्धा. क्लबात हँडिकॅपचं काम मी बघते. महिन्याच्या स्पर्धांत कोण किती फटक्यांत फेरी संपवतो, त्यावरून त्याला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरतं, म्हणजे कच्च्या गड्यालाही पक्क्याशी बरोबरीने खेळता यावं. इनेसची सूट एकोणीस फटक्यांची. हेक्टर सूटरची बारा. दोघांचा सामना लागला तर इनेसला सात फटके फुकट.

हेक्टर एकाहत्तर वर्षांचा. जन्मभर समुद्रात शेवंड पकडायचं काम केलं, आता गुडघ्यांनी बोट सोडायला लावली. इनेस बारा वर्षांचा असताना गोल्फची काठी कशी धरायची ते त्यानेच शिकवलेलं. क्लबाचा उन्हाळी चषक त्याला कधीच मिळाला नव्हता. तीनदा तो अंतिम सामन्यात हरला होता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये इनेसला पन्नास पूर्ण झाली आणि त्याच्या बायकोने, ऊनाने, त्याला मापाने बनवून घेतलेल्या नव्या काठ्या भेट दिल्या. तोवर तो वडिलांच्या काठ्यांनी खेळायचा. त्या वडिलांच्या उंचीच्या, ह्याला आखूड, आणि चेंडू जरा बाजूला लागला की झुडपात. इनेस खाडीपलीकडच्या मैदानावर एकटाच नव्या काठ्या घेऊन गेला. चेंडू लांब जात होता, चुकला तरी फारसा भरकटत नव्हता. सहा-सात फटके सहज वाचत होते.

मे महिन्याच्या स्पर्धेला गाडीची डिकी उघडली तेव्हा जुन्या आणि नव्या काठ्यांच्या दोन्ही पिशव्या आत होत्या. त्याने जुनी उचलली. अजून हात बसलेला नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. जूनमध्ये तेच, जुलैमध्येही तेच. जुन्या काठ्यांनी तो मनापासूनच खेळला, एकही फटका मुद्दाम वाया घालवला नाही. पण सूट एकोणीसच राहिली.

मी हे ओळखायला हवं होतं. जूनमध्ये खाडीपलीकडच्या रस्त्यावरून जाताना मी त्याला त्या चकचकीत काठ्यांनी खेळताना पाहिलं होतं. विचारलं नाही. माझ्या स्वयंपाकघराचं छत त्याने नुकतंच करून दिलं होतं, आणि मला वाईटपणा नको होता.

उन्हाळी चषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्या तो जुन्याच काठ्यांनी रडतखडत जिंकला. एका गड्याची तर कंबरच धरली होती. सप्टेंबरमध्ये अंतिम सामन्याला समोर आला हेक्टर. त्या सकाळी इनेसने नवी पिशवी उचलली.

पहिल्या होलपाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. हेक्टरने पिशवीकडे पाहिलं.

"नव्या दिसतात."

"हो, परवाच आल्या," इनेस म्हणाला.

ऊना शेजारीच चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

सामना अठरापैकी सोळाव्या होललाच संपला. इनेस इतका चांगला खेळला, की ह्याला वर सात फटके फुकट मिळतायत ह्याचं लोकांना हसूच यावं. पण कुणी हसलं नाही. हेक्टरने टोपी काढून हात मिळवला आणि गुडघे सांभाळत सावकाश परतला.

घरी ऊनाने चषक टेबलावरून उचलून जिन्याखाली ठेवला. म्हणाली, "मी हौसेने दिल्या होत्या रे. तू माझी भेटच लपवलीस."

आठवडाभर त्याला जेवण गेलं नाही. मग तो क्लबाच्या समितीपुढे येऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. समितीने नियम उलटसुलट वाचून पाहिले. मुद्दाम वाईट खेळलास का, विचारलं. नाही, म्हणाला. काठ्या नियमातल्याच होत्या. कुठली काठी कधी वापरावी ह्याचं कलम नव्हतं, आणि एकट्याने खेळलेल्या फेऱ्या नोंदवायची सक्ती नव्हती. निकाल बदलेना. त्याच्या मागणीवरून मी सूट तेरावर आणली, आणि जूनमध्ये पाहिलेलं तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं. माझे कान तापले होते. कुणी मला काही बोललं नाही, त्यामुळे जास्तच.

तो चषक घेऊन हेक्टरकडे गेला. हेक्टरने त्याला आत घेतलं, सूप वाढलं.

"हा तुमचा आहे," इनेस म्हणाला.

"माझा नाही. मी हरलो," हेक्टर म्हणाला. "आणि तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी तो घरात ठेवणार नाही. सूप घे, गार होतंय."

पुढच्या वर्षी इनेसने स्वतःच स्वतःला शिक्षा लावून घेतली. सूट तेराची, आणि काठ्या वडिलांच्या. प्रत्येक सामना हरायचा आणि मान खाली घालून घरी जायचा. लोकांना वाटलं, बिचारा. एकदा मैदानाच्या फाटकापाशी हेक्टरने त्याला अडवलं. मी तिथेच होते.

"तू काल डॉक्टरीणबाईंना जिंकू दिलंस?"

"त्या चांगल्या खेळल्या."

"त्यांना ते कसं कळणार? तू निम्म्या ताकदीने उभा. आधी लोकांचा विजय चोरत होतास, आता खोटे विजय वाटत फिरतोयस. दोन्हीत तुला फक्त तूच दिसतोस, इनेस."

इनेसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

त्यानंतर तो नव्या काठ्यांनीच खेळतो, प्रत्येक फेरीचा आकडा, एकट्याने खेळलेल्या फेरीचासुद्धा, त्याच संध्याकाळी मला देतो. सूट आता बारावर आली आहे, हेक्टरची तेरावर गेली आहे. मागच्या महिन्यात दोघांचा सामना लागला, तेव्हा एका फटक्याची सूट हेक्टरलाच मिळाली. हेक्टर शेवटच्या होलवर जिंकला. इनेस म्हणाला, चांगलं खेळलात. हेक्टर म्हणाला, वारा माझ्या बाजूने होता.

क्लबाच्या भिंतीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. त्या वर्षापुढे इनेसचं नाव आहे आणि ते राहणार. त्या खोलीत तो नेहमी भिंतीकडे पाठ करून बसतो. मी त्याच्या समोर बसते, त्यामुळे मला ते वाचावंच लागतं.