मार्शवेलची डोरीन आणि आमची वसू

बऱ्हाणपूरच्या फलाटावर गाडी लागली, तेव्हा यांनी माझी बॅग उचलली आणि तिथेच खाली ठेवली.

"दगड भरलेत का आत?"

"दराबा आहे. आणि केळ्याचे वेफर्स."

दराबा ही आमच्या गावची मिठाई. रवा, तूप आणि साखर हात दुखेपर्यंत फेटायची, मग ती तोंडात ठेवली की चावावी लागत नाही. मी सहा डबे घेतले होते. हे म्हणाले, "तिथे काय उपाशी आहे तुझी बहीण?" माझी धाकटी बहीण वसुधा लग्न करून इंग्लंडला गेली, त्याला आता खूप वर्षं झाली. दर दोन-तीन वर्षांनी ती यायची, आठ दिवस राहायची, जायची. तिच्या घरी मी प्रथमच निघाले होते, तेही शाळेतून निवृत्त झाल्यावर. वसूला सगळं मिळत असेल, पण दराबा मिळत नसणार, आणि तो घेऊन जाणारी मी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मार्शवेल हे तिचं गाव. विमानतळापासून मोटारीने तीन तास. शेवटचा अर्धा तास रस्ता इतका अरुंद, की समोरून गाडी आली की कोणीतरी मागे सरकायचं. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, मध्येच फट पडली की हिरवीगार उतरण आणि त्यावर मेंढ्या. आमच्या तापीकाठचं हिरवं केळीचं असतं, दाट, ओलसर, आत शिरलं की आकाश दिसत नाही. हे हिरवं नुसतं पसरलेलं. मला आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसू मला गाव दाखवायला निघाली. पन्नास-साठ घरांचं गाव, पण प्रत्येक घराला नाव. 'जुनी लोहारशाळा.' 'जुनी बेकरी.' 'शाळामास्तरांचं घर.' दारावर छोट्या पाट्या. वसू थांबून थांबून सांगत होती. या पायरीवर लोहार संध्याकाळी बसायचा. या खिडकीतून पाव मिळायचे. या ओढ्यात मुली शाळा चुकवून पाय सोडून बसायच्या आणि मास्तरीणबाई घंटा घेऊन त्यांना शोधायला यायच्या.

"तुला हे सगळं कसं माहीत?"

"डोरीनने सांगितलं."

ते नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. मग दिवसभर ऐकलं. डोरीन बेकरीवाल्याची मुलगी. डोरीन ऐंशी पार आहे. डोरीनला थंडीत गुडघा धरतो, म्हणून वसू तिचं सामान आणते. गावात एक मंडळ आहे, जुन्या लोकांच्या लहानपणच्या आठवणी लिहून ठेवणारं. दर बुधवारी दुपारी ते व्हिलेज हॉलमध्ये (गावच्या सभागृहात) जमतात. म्हातारी माणसं बोलतात आणि वसू टाइप करते.

आमचं गाव या गावाच्या खापरपणजोबाच्या वयाचं. मुघलांच्या काळातल्या भिंतीला टेकून आम्ही स्कूटर लावतो आणि भाजी घ्यायला जातो. तिथे पाटी नाही, बुधवार नाही, चहा नाही. आणि इथे पावाच्या खिडकीला पाटी. मला हेवा वाटला. पण खरं सांगायचं तर तो गावाचा हेवा नव्हता.

परतताना मी विचारलं, "वसू, नेपानगरच्या आपल्या क्वार्टरचा नंबर काय होता गं?"

आमचे वडील साताऱ्याकडून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले होते. आम्ही दोघी तिथल्या कॉलनीत जन्मलो.

"नाही आठवत, ताई."

"आणि दारासमोर कसलं झाड होतं?"

ती हसली. "तेही नाही."

लोहाराची पायरी आठवते, आणि आपलं दार नाही.

दोन दिवसांनी आम्ही तिघी फिरायला गेलो. डोरीन उंच, बारीक, पांढऱ्या केसांची. मला तिने "टाई" अशी हाक मारली. ती हाक फक्त वसूची, हे तिला कोण सांगणार? शेतातून पायवाट होती आणि मध्ये स्टाइल (कुंपण ओलांडायची लाकडी पायरी). पाऊस पडून गेलेला, साडी मी वर खोचलेली, तरी पाय घसरला आणि मी चिखलात बसले. मागे डोरीन पायरीवर एक पाय टाकून डगमगत होती. वसू धावली आणि तिने आधी डोरीनला धरलं.

बरोबरच केलं. मी आधीच पडले होते, ती पडली असती. पण चिखलात बसून मला ते बरोबर वाटलं नाही.

बुधवारी मी हॉलमध्ये गेले ती अशी, मनात हे सगळं साचलेलं. वीसेक माणसं होती. एका टेबलावर चहा आणि स्कोन. हा पदार्थ पावापेक्षा घट्ट आणि नानकटाईपेक्षा मऊ, मधोमध कापून मुरंबा लावून खातात. दुसऱ्या टेबलावर जुने फोटो पसरलेले. मी इंग्रजी वाचते बरी, बोलते अडखळत, म्हणून फोटो बघत राहिले.

डोरीन उभी राहिली आणि बोलू लागली. मोठा हिमवर्षाव झाला, रस्ते बंद पडले, तेव्हा तिच्या वडिलांनी पाव घसरगाडीवर (बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीवर) लादून घरोघरी पोचवले होते, आणि पावांच्या पोत्यावर लाल कोट घालून ती बसली होती. पाव गरम, वरून बर्फ, आणि लोक दारात येऊन टाळ्या वाजवत होते. ती सांगत असताना सगळे तिच्याकडे बघत होते. वसू टाइप करायचं थांबली होती. आईकडून गोष्ट ऐकताना व्हावं तसं तिचं तोंड झालं होतं.

तो फोटो माझ्या हातातच होता. बर्फ, घसरगाडी, पोतं, वर बसलेली मुलगी. मी उलटा करून बघितला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: जोन.

मला गप्प बसता आलं असतं. मी उभी राहिले आणि मोठ्याने, शाळेत हजेरी घेताना लागायचा त्या आवाजात म्हटलं, "पण इथे जोन लिहिलंय."

डोरीन टेबलापाशी आली, चष्मा लावला, फोटो बघितला, मागचं वाचलं.

"जोन माझी मोठी बहीण," ती हळूच म्हणाली. "लाल कोट जोनचाच होता. नंतर मला आला." ती खुर्चीवर बसली. "मग मी कुठे होते? तिलाच माहीत असेल. पण ती गेली."

आम्ही घरी आलो. वसूने दार लावलं आणि म्हणाली, "काय मिळालं तुला?"

"चूक होती ती. चूक दाखवू नये?"

"ताई, तू वह्या तपासत नव्हतीस."

मग माझा तोल गेला. म्हटलं, "या बाईचं लहानपण तुला तोंडपाठ आहे. स्वतःचं एक झाड आठवत नाही. लाज कशी वाटत नाही?"

वसू माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी चार वर्षांची होते आई गेली तेव्हा," ती म्हणाली. "मावशीने मला जळगावला नेलं. त्याच्या आधीचं माझ्याकडे काहीच नाही. बाबा बोलायचे नाहीत. आणि तू? तू कधी सांगितलंस?"

नाही सांगितलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वसूला मावशी मिळाली, नवे फ्रॉक मिळाले, रात्री कुशीत घेणारं कोणी मिळालं. मला बाबांचा डबा आणि क्वार्टरचं झाडणं-पुसणं मिळालं. आईच्या आठवणी तेवढ्या माझ्या वाट्याला आल्या होत्या, आणि त्यातला घास मी तिला दिला नाही. हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दराब्याचा एक डबा घेऊन मी डोरीनकडे गेले. वसू बरोबर आली, दुभाषी म्हणून, पण माझ्याशी अजून तुटक. डोरीनच्या स्वयंपाकघरात शेगडीवर किटली होती. मी इंग्रजीत एक वाक्य पाठ करून गेले होते. ते म्हटलं: काल मी वाईट वागले, मला माफ करा.

डोरीनने दराबा चमच्याने खाल्ला, डोळे मिटले, आणखी घेतला. मग म्हणाली, "तू खरं तेच वाचलंस. मला राग त्याचा नाही आला. मला तुझा हेवा वाटला."

मला वाटलं वसूने चुकीचं सांगितलं. मी पुन्हा विचारलं.

"तिचं लहानपण तुझ्याकडे आहे," डोरीन वसूकडे बोट करून म्हणाली. "मी इतकी वर्षं तिला विचारते, लहानपणी तू कशी होतीस? ती म्हणते, माहीत नाही. तू आल्यापासून मी वाट बघतेय, तू काही सांगशील म्हणून. तू फक्त जुन्या फोटोंकडे बघत होतीस."

किटली शिटी देत होती. कोणी उठलं नाही.

"ती कागद खायची," मी म्हणाले.

वसू म्हणाली, "काय?"

"सांग तिला. तू कागद खायचीस."

कारखान्यातून कामगारांना कागदाच्या कापलेल्या कडा मिळत. आई त्या दाभणाने शिवून मला वह्या करून द्यायची. शिवताना वसू शेजारी रांगत यायची आणि एक पट्टी उचलून तोंडात. आई तिच्या गालात बोट घालून लगदा बाहेर काढायची आणि म्हणायची, "अगं बये, आधी वाच, मग खा." रोजचं होतं ते. एकदा वसूने माझा पाढ्यांचा अख्खा कागद खाल्ला. मी रडले, तर आईने तिला मांडीवर घेऊन तिच्या पोटाला कान लावला आणि मला म्हणाली, "थांब, सातचा पाढा ऐकू येतोय."

वसू वाक्यावाक्याने डोरीनला सांगत होती. 'पोटाला कान लावला' इथपर्यंत आली आणि थांबली. डोरीनने घाई केली नाही. थोड्या वेळाने वसूने मला विचारलं, इंग्रजीतच, आपण कोणत्या भाषेत बोलतोय हे विसरून, "तिचा कान गार होता की गरम?"

"थंडीचे दिवस होते," मी म्हटलं. "गार असेल. तू खिदळलीस."

मग तिने ते वाक्य पुरं केलं. उरलेले दहा दिवस आम्ही रोज सकाळी डोरीनकडे जात होतो. दारासमोर कडुनिंब होता, तेही सांगितलं.

परत आले. बऱ्हाणपूरच्या फलाटावर यांनी बॅग उचलली आणि म्हणाले, "आता हलकी झाली." मत्सर मात्र गेला असं मी लिहिणार नाही. वसू आता दर आठवड्याला फोन करते, आईचं काहीबाही विचारते, आणि मध्येच म्हणते, "थांब, हे डोरीनला सांगायचंय." ते ऐकलं की अजून बोचतं. वसू ऐकते माझ्याकडून, पण सांगते तिला. बोचतं, आणि तरी मी पुढचं सांगते.

गेल्या आठवड्यात दुपारी समोरच्या घरी गेले. तिथे एक मावशी राहतात, मूळच्या तुकईथडच्या. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना लोणचं दिलं, दुखणीखुपणी विचारली. त्या खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मावशी, लहानपणी तुकईथडला तुम्ही कुठे खेळायचात?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "तुले काय करनं त्याचं?"

"असंच. ऐकायचंय."

"मले कोनी इचारलंच नाही हे," त्या म्हणाल्या आणि लसूण बाजूला ठेवला. मग सांगू लागल्या. कपाशीच्या ढिगात त्या आणि त्यांची मैत्रीण गळ्यापर्यंत बुडून बसायच्या. वडील हाका मारत शोधायचे आणि ढिगातून फक्त हसू ऐकू यायचं. सांगताना त्यांनी खांदे वर केले, जणू कपाशी अजून मानेला टोचतेय.

दारात त्यांची सून रेखा येऊन उभी राहिली होती. हातात झारा. तिने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"हे मला कधी नाही सांगितलं, आई," ती म्हणाली. "बाईस साल झाले मला या घरात. आणि त्यांना बसल्या बसल्या सांगून टाकलं?"

तो आवाज मला चांगलाच ओळखीचा होता. मी खाटेवर सरकून जागा केली.

"रेखा," मी म्हटलं, "गॅस बंद करून ये."