डावीकडून तिसरा

आमच्या कॉलेजातल्या मल्टिमीडियाच्या सरांइतका कॅमेऱ्याचा वैरी अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि पोरांना कॅमेरा शिकवायला आम्ही नेमकं त्यांनाच बोलावलं होतं. झालं असं, की मल्टिमीडिया पत्रकारितेचा सहा महिन्यांचा कोर्स वरून मंजूर होऊन आला आणि त्यातलं कोणालाच काही कळत नसल्यामुळे तो मराठी विभागाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडला. मी गावभर चौकशी केली, तेव्हा तरुणपणी एका पेपरात बातमीदार असलेले आणि पुढे लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडून पोट भरणारे हे गृहस्थ हाती लागले. पहिल्या दिवशी पोरं नवेकोरे मोबाईल, ट्रायपॉड, गोल दिवे असा सगळा संसार मांडून बसली. सरांनी कॅन्टीनमधून कडक भाकरीचा मोठा डबा मागवला, एकूणएक मोबाईल त्यात ठेवले, झाकण लावलं आणि म्हणाले, "आता बाजारात जावा. दहा माणसांची नावं, गावं इचारून या. कॅमेरा पंधरा दिवसांनी." चार पोरांनी त्याच दिवशी कोर्स सोडला.

पंधरा दिवसांनी डबा उघडला तरी सुटका नव्हती. करमाळ्याच्या एका पोराने कांदे विकणाऱ्या म्हातारीचा असा काही व्हिडिओ केला, की मागचं संगीत ऐकूनच माझे डोळे भरून आले. सरांनी तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला. "लई भारी हाय की. म्हातारीचं नाव काय?" पोरगं व्हिडिओ मागे नेऊन बघायला लागलं. "म्हंजे तिच्याशी बोलला नाहीस. नुसतं वापरलास तिला." पोरगं भर उन्हात परत गेलं आणि म्हातारीचं नाव आणि तिने बळेच दिलेले दोन कांदे घेऊन आलं. कुठलीही गोष्ट दोन माणसांकडून कळल्याशिवाय खरी मानायची नाही, हा सरांचा दुसरा कायदा. प्राचार्यांनी सुट्टीची नोटीस लावली तर ते शिपायाला विचारत, मग वॉचमनला विचारत, आणि तरी दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत येऊन कुलूप बघून जात. लग्नाला गेले, तर हातात पत्रिका असूनही नवऱ्या मुलाला नाव विचारायचे. ग्रुप फोटोच्या वेळी तर त्यांचा अगदी कहर व्हायचा. सगळे दात काढून तयार, आणि सर समोर वही घेऊन उभे: "बसलेले, डावीकडून पहिले कोण? उभे, डावीकडून पहिले कोण?" हसून हसून आमचे गाल दुखायला लागत आणि फोटोग्राफर मनातल्या मनात शिव्या घाली. स्वतः सर कधीच फोटोत नसत. मी एकदा त्यांना 'जनगणना अधिकारी' म्हटलं, तर स्टाफरूम हसली, पण सर हसले नाहीत. ते का हसले नाहीत, हे मला त्या वर्षीच्या सहलीत कळलं.

सहल म्हणजे कोर्सची दरवर्षीची पहिली मोहीम. टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या, मूळ मंद्रूपच्या सिद्रामअण्णांचं दोन खोल्यांचं घर. एकाने आवाज घ्यायचा, एकाने व्हिडिओ, एकाने फोटो, एकाने नुसतं लिहायचं, आणि चारही गोष्टी जोडून एक बातमी करायची. भिंतीवर पेपरातलं एक पिवळं कात्रण फ्रेम करून लावलेलं असायचं. त्यात अण्णांचा तरुण चेहरा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली भलत्याच माणसाचं नाव. आपल्याच श्रद्धांजलीखाली बसून चहा ओतणारा माणूस पाहून पोरांना हसू आवरायचं नाही. अण्णाही म्हणायचे, "माझा यवडा येकच फोटू बरा आलाय." मग ते सांगायला लागायचे आणि हसू आपोआप बंद व्हायचं.

कारखान्यात बॉयलर फुटला होता. तीन माणसं गेली. पेपराला त्यातल्या एकाचा फोटो हवा होता, तर बातमीदाराच्या हाती कामगारांच्या गणपतीतला ग्रुप फोटो आला. सुपरवायझर फोनवर म्हणाला, डावीकडून तिसरा. फोटोत दोन रांगा होत्या. मेलेला बसलेल्यांत होता. बातमीदाराने उभे असलेले मोजले. "मी दवाखान्यात हुतो, भाजलेल्या गड्यांजवळ," अण्णा सांगत. "तिकडं गावात पेपर पोचला. मास्तरनं आईला नाव वाचून दावलं, म्हनला, म्हातारे, नाव दुसरंच हाय, तुजा न्हवं ह्यो. ती म्हनली, मला वाचता येत न्हाय, पर माजं पोरगं कळतंय की मला. तितंच पडली. तिसऱ्या दिशी मी गावात शिरलो तर पारावरची मानसं उठून पळाली. आईची माती आदल्या दिशीच झाली हुती."

तो बातमीदार म्हणजे आमचे सर. दरवर्षी ते पोरांना आत पाठवत आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर बसत. अण्णांचा चहा त्यांना बाहेर यायचा, कपबशीतून, व्यवस्थित; पण 'आत या' असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. मी सरांना विचारलं, तुम्ही माफी मागितली की नाही? "पेपरानं मागितली. चेहरा पहिल्या पानावर, दिलगिरी पाचव्या, तीन ओळी. मी पायरीवरनं कशी मागू, मॅडम? आत बोलावलं की मागीन." त्या दोन शब्दांसाठी हा माणूस दरवर्षी तिथे जाऊन बसत होता. शेवटच्या वर्षी, आजारपणात, सर रिक्षातून उतरून भिंतीला धरत धरत पायरीवर टेकले. दुधनीच्या एका धीट पोरीने चालू रेकॉर्डिंगमध्ये अण्णांना विचारलंच, सरांना आत का बोलवत नाही? अण्णांनी कात्रणाकडे बोट केलं. "आईचा येक बी फोटू न्हाय माज्याकडं," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर सर गेले. सोलापुरात इतक्या उशिरा फुटलेली बातमी दुसरी नसेल, कारण त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने दोघांना विचारल्याशिवाय ती पुढे पाठवली नाही. मला दुपारपर्यंत सारखे फोन: "मॅडम, खरं आहे का? आणखी कोणाला विचारू?" मी रडता रडता हसत होते. सिद्रामअण्णा सरांच्या घरी आले, तेव्हा आधी मला गाठलं, मग शेजाऱ्यांना गाठलं. "खरंच गेले न्हवं? मी गेलो हुतो तसं न्हाय न्हवं?" तिकडे पेपराला द्यायला सरांचा फोटो सापडेना. दुधनीच्या पोरीने व्हिडिओतून एक चित्र काढलं: उघड्या दारातून दिसणारे, पायरीवर बसलेले सर, हातात बशी. अण्णांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ह्याची येक कापी मला पायजे," म्हणाले.

या वर्षी नवी पोरं घेऊन मी गेले आणि काही न ठरवता पायरीवरच बसले. आतून एका पोराचा आवाज आला, "अण्णा, फ्रेममध्ये कोण आहे?" मी डोकावले. कात्रण नव्हतं. त्याच फ्रेममध्ये, त्याच खिळ्यावर, बशी हातात घेतलेले आमचे सर होते. अण्णांनी सरांचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं, वडिलांच्या नावासकट. "लिव्हलास? डावीकडनं कितवा ते इचारू नगंस. येकटाच हाय, चुकायचं काम न्हाय." मग दाराकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी भाईर का? आत या की."

मी आत गेले. चहा आला, कपबशीतून, व्यवस्थित.