उचल म्हणजे रेखाचित्रे

आमच्या कॉलेजात ऑनलाइन शिक्षण आलं ते ढोकळा आणि गुलाबाच्या फुलासकट. प्लॅटफॉर्म विकणाऱ्या कंपनीचा एक टाय लावलेला तरुण पुण्याहून आला आणि अंबड तालुक्यातल्या आम्हा प्राध्यापकांना दोन तास सांगत बसला, की शिकवणं आता जुनं झालं, विद्यार्थ्यांना 'शिकण्याचा अनुभव' द्यायचा. मी सव्वीस वर्षं अकाउंट्स शिकवतोय. पोरांना माझा अनुभव भरपूर आलेला आहे, त्यासाठी कंपनीची गरज नव्हती. पण प्राचार्य मान डोलवत होते, म्हणून आम्हीही डोलवली.

त्या प्लॅटफॉर्मवर कोपऱ्यात 'मराठी' असं एक बटण होतं. ते दाबलं की यंत्र इंग्रजीचं मराठी करायचं, आणि विषयाचं वाटोळं. भांडवलाला तिथं 'राजधानी' म्हणत. दोन भागीदारांनी धंद्यात समान राजधानी आणली, असं वाक्य मी या डोळ्यांनी वाचलंय. कुठून आणली, दिल्लीहून? व्याजाला 'रस'. आणि मालक घरखर्चासाठी धंद्यातून जे पैसे काढतो, ज्याला इंग्रजीत ड्रॉइंग्ज आणि आमच्या पुस्तकात साधं 'उचल' म्हणतात, त्याचं यंत्रानं केलं 'रेखाचित्रे'. रेखाचित्रांवरील रस काढा! बी.कॉम.च्या पोरांना हा प्रश्न, आणि गंमत म्हणजे पोरं तो सोडवायची. त्यांना चार दिवसांत कळलं, की यंत्राला जे आवडतं ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

एकजण मात्र लिहीना. वडीगोद्रीहून बसनं येणारी, तिसऱ्या वर्षाची मुलगी. उचल हा शब्द आमच्याकडे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतो. ऊसतोडीला जाणारे मुकादमाकडून घेतात ती उचल वेगळी आणि मालकाची उचल वेगळी, हे मी पहिल्याच तासाला सांगतो. तिनं ते नीट ऐकलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. ऑनलाइन चाचणीत तिनं प्रत्येक ठिकाणी 'उचल', 'भांडवल', 'घसारा' असं शुद्ध लिहिलं आणि दोन्ही वेळा नापास झाली. आता एकच संधी उरली होती. चाचणी सुटल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात लागलेली तिची नोकरी निकालावर अडली होती.

ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, उचल चूक हाय का?"

"बिलकुल नाही."

"मंग मार्क का न्हाई देत?"

मी तरातरा समन्वयकांकडे गेलो. हे आमचे इतिहासाचे सहकारी. त्यांना संगणक चालू करता येतो म्हणून त्यांना समन्वयक केलेलं. त्यांनी शांतपणे पडदा माझ्याकडे फिरवला. 'मराठी मजकूर तपासला आहे' या ओळीपुढे बरोबरची खूण होती आणि खाली माझं नाव. प्रशिक्षणाच्या दिवशी पाचची बस पकडायची म्हणून मी न वाचता सगळ्या खुणा ठोकून दिल्या होत्या. "सर, तुम्हीच मंजूर केलेलं आता मी कसं बदलू?" ते म्हणाले. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

चाचणीला दोन दिवस राहिले होते. मी तिला बोलावलं आणि म्हणालो, "रेखाचित्रे लिही. राजधानी लिही. ते जे म्हणतंय ते सगळं लिही."

ती वाद घालेल असं वाटलं होतं. नाही घातला. फक्त वहीत त्या शब्दांची यादी करून घेतली, मीच सांगितली, तिनं उतरवली. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं लाजिरवाणं डिक्टेशन दिलं नव्हतं. तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क पडले आणि पडद्यावर फटाके उडाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. वयस्कर, कमी बोलणारे. मी शेजारी बसलो होतो. तिला त्यांनी सोपाच प्रश्न विचारला. "मालकानं घरासाठी धंद्यातले पैसे नेले, तर त्याला काय म्हणायचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "सर, खरं सांगू का मार्काचं सांगू?"

परीक्षक हसले. पोरगी हजरजबाबी आहे असं त्यांना वाटलं असावं. तिचा चेहरा मात्र गंभीर होता. नोकरी तिची होती. "खरं सांग," मी म्हणालो. पण ते म्हणण्याआधी मी परीक्षकांच्या तोंडाकडे बघून घेतलं, आणि ते तिनं पाहिलं.