आडवी मान

झ्लातिन कारादझोव आमच्या प्लोवदिव शहरातल्या कचेरीत अकरा वर्षं आहे. त्याची हजेरी आणि रजा मी पाहतो. मोबाइल ॲपमधल्या गोष्टी हलवणं हे त्याचं काम: बटण किती दबावं, पान कुठून सरकत यावं, कुठे थांबावं. आधी तो बाहुल्यांचे चित्रपट करायचा. तो स्टुडिओ बंद पडला.

गेल्या वर्षी एका दवाखान्याचं ॲप आलं. तपासणीची वेळ मिळाली नाही, तर पडद्यावरची चौकट डावीउजवीकडे तीनदा हलेल, असं त्याने केलं. सगळीकडे असंच करतात, म्हणून कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्याची आई त्सोन्का एकटी राहते. तिला काचबिंदू. तिने त्याच ॲपवरून वेळ मागितली.

"वेळ मिळाली का, आई?" त्याने विचारलं होतं.

"हो म्हणाला तुझा फोन. तीनदा म्हणाला."

आमच्या देशात मान आडवी हलली की हो, वर झटकली की नाही. चौकटीखालची बारीक लाल अक्षरं तिला दिसली नव्हती. बोलावतील म्हणून ती चार महिने बसून राहिली. ऑक्टोबरात डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी झ्लातिन वेळेवर आला. नऊला दोन मिनिटं होती.

"चौकटीला वरखाली मान हलवायला लाव ना," शेजारच्या टेबलावरचा मिल्को म्हणाला.

"पोरं गोंधळतील. त्यांना फोनची सवय."

"म्हणजे आपले फोन परदेशी आणि आया इथल्या."

झ्लातिन हसला नाही. त्याने चौकटीचं हलणंच काढून टाकलं. पडदाभर फक्त मोठं 'नाही'. साहेब म्हणाले, मेल्यासारखं दिसतंय. तो म्हणाला, दिसू दे.

रविवारी त्याने ते बदललेलं ॲप आईच्या हातात दिलं. तिने उजव्या डोळ्यासाठी वेळ मागितली.

"हे गप्प का?"

"काय लिहिलंय?"

"नाही."

"मग?"

"मग फोन लावते." तिने लावला. गुरुवार मिळाला.

सोमवारी त्याचा रजेचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात 'उजवा डोळा' एवढंच होतं.

"गुरुवारी चालेल ना, काका?"

मी मान आडवी हलवली. तो टेबलापाशी तसाच उभा राहिला.

"तोंडाने सांगा."

"चालेल," मी म्हणालो. मग तो गेला.