टेबलाला हात लावून

दोनदा मोजलं तरी माझं बीपी चढलेलंच निघालं. डॉक्टर म्हणाले, असं असेल तर आज मोतीबिंदू काढता येणार नाही. मी म्हणालो, मशीन बिघडलंय. शाळा दुसरीपर्यंतच शिकलो, पण माझं अंग मला कळतं.

"मशीनशी काय भांडता?" आमची म्हातारी म्हणाली. "उधव्यापासून इथवर गाडीत एक शब्द बोलला नाहीत. भ्यालात तुम्ही."

"गप बस."

डावा डोळा कधीचाच गेलेला. उजव्याला ताट कुठलं नि भात कुठला तेही उमगत नव्हतं. उरलेला तो एकच, आणि त्यालाच हे लोक हात घालणार. म्हातारीचं खरं होतं, पण तिला तसं कोण सांगणार.

डहाणूच्या त्या दवाखान्यात एक सिस्टर होती, माझ्या नातीच्या वयाची. घाबरू नका, असं ती एकदाही म्हणाली नाही. बाकावर शेजारी बसली नि म्हणाली, "बाबा, काम काय करायचात?"

"ताडी काढायचो. जन्मभर."

"नव्या झाडावर कसं चढायचं?"

"एकदम नाही चढायचं. आधी खोडाला हात लावायचा, येतो म्हणून सांगायचं. एक फेरी मारून शेंड्यापर्यंत बघायचं. मग पाय."

"आणि इथं न बघताच चढताय होय?"

डॉक्टरांना विचारून तिने मला हिरवा झगा घातला आणि ऑपरेशनच्या रिकाम्या खोलीत नेलं. टेबलाला हात लावू दिला. मी फेरी मारली तोवर थांबली. दिवा लावला, तोंडावर टाकायचं कापड टाकून दाखवलं. "चाकू दिसणार नाही. उजेड दिसेल, पाणी पडल्यागत वाटेल. हलायचं नाही. खोकला आला, काही वाटलं, तर माझं बोट दाबा, सगळे थांबतील." एवढं नीट समजावणारा मला आधी एकच भेटला होता, माझा बाप.

दुपारी बीपी उतरलं. टेबलावर आडवा झालो, कापडाखाली उजेड हलायला लागला आणि मी तिचं बोट दाबलं. खरंच सगळे थांबले.

"खोकला येतोय का, बाबा?" तिने विचारलं.

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिच्यापुढे खोटं बोलवेना.

"नाही. भ्यालो."

कोणी हसलं नाही. तिने बोट काढून घेतलं नाही. मी दोनतीन श्वास घेतले.

"करा आता," म्हणालो.