पेवातून आलेला आवाज

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांतली बाई न्हाई. उभा जन्म शाळेत पोरांना गणित शिकवण्यात गेला. अंगात येणाऱ्या बायका माझ्यासमोर आल्या की त्यांचं वारं आपोआप उतरायचं... इतकं माझं तोंड खराब! इथले अनुभव नात मला मोबाईलवर वाचून दाखवते, तेव्हा निम्म्यांना मी "उगी काहीतरी" म्हणून उडवते. तरी आज मीच सांगायला बसलेय. मी सांगायलेय अन् नात टाईप करायलीय. तिला बजावलंय, मधी आपल्या पदरचं काही घुसडू नको म्हणून.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, अगदी शेवटच्या दिवसांतली. मंठाळच्या अलीकडं, कल्याणीच्या वाटेला आमचं गाव. कल्याणीला आता बसवकल्याण म्हणतात, तेव्हा नुसतं कल्याणी. गावाचं नाव सांगत न्हाई, लोक अजून नांदतात तिथं. त्या सालाला आमच्याकडं 'गडबडीचं साल' म्हणतात. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायच्या, घरं जाळायच्या, माणसं मारायच्या. आमच्या घरचे दोघं भाऊ, म्हणजे माझा नवरा अन् थोरले दीर, सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेले होते. घरात आम्ही तिघी... सासू, म्हणजे आत्याबाई, थोरली जाऊ नीलाक्का अन् मी. मी तर नुकती न्हाण आलेली पोर. आणि नीलाक्काचं अंगावर पिणारं लेकरू, बसू.

नीलाक्का हुमनाबादकडची, घरात कानडी बोलणारी. मराठी बोलायची पण हेल कानडीच. बसूला कधी बसू म्हणालीच न्हाई, 'कूसु' म्हणायची, म्हणजे कानडीत लेकरू. आत्याबाई चिडवायच्या, "आगं, नाव कामून ठिवलंय मग त्याचं?" ती नुसती हसायची. मला ती बहिणीपेक्षा जवळची होती. माझी वेणी तीच घालायची, मला 'चंद्री' म्हणायची.

आता पेव म्हणजे काय ते सांगते, हल्लीच्या पोरांना ठाऊक नसतं. अंगणात मुरमात खणलेला खोल खड्डा, रांजणासारखा... तोंड अरुंद, पोट मोठं. आत कडबा लावून जवारी भरायची, वरून फरशी ठेवून चिखलानं लिंपायचं. ह्या पेवाचा एक नेम असतो. बंद पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं न्हाई. एक दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस. विझला तर आत वारं खराब आहे, गेला तो गेला. आत्याबाईंचा एक दीर असाच गेलेला. त्यामुळं पेव उघडायच्या दिवशी त्या सगळ्यांवर तोंड टाकत अंगणभर फिरायच्या.

भादव्याचे दिवस. नीलाक्का सकाळीच मुगाच्या शेंगा तोडायला रानात गेली, लेकरू माझ्यापाशी. दुपार कलली अन् वेशीकडून ओरडा आला, "आले! आले! पळा!" मागून बंदुकीचे बार. गल्लीत नुसती पळापळ. कुणाच्या हातात कोंबडी, कुणाच्या हातात काहीच न्हाई. आत्याबाईंनी मला दंडाला धरून अंगणात ओढलं. "पेवात उतर! लेकरू घिऊन उतर!"

पेव उन्हाळ्यात रिकामं करून लिंपलेलं, वर अख्खा पावसाळा गेलेला. ते उघडून एकदम आत उतरायचं न्हाई, हे ह्या बाईइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तीच विसरली! मलाही आठवलं न्हाई. भ्या आसं असतं बघा.

खुरप्यानं वाळलेला चिखल फोडला, दोघींनी मिळून फरशी सरकवली. बसूला मी लुगड्यात पोटाशी बांधलं. आत्याबाईंनी माझ्या कमरेला दोर बांधला. मी पेवाच्या तोंडात पाय सोडले, कमरेपर्यंत आत गेले. खालून कुबट, दमट वास आला.

आणि आतून आवाज आला.

"चंद्री, वर सर गं. मी हाय हितं. जागा न्हाई. कूसूला घिऊन जवारीत पळ."

नीलाक्काचा आवाज. तोच हेल, तसंच 'कूसु'. बसू रडत होता तो गप झाला. मान वळवली अन् खालच्या अंधाराकडं बघून तोंडानं चुटुचुटु करायला लागला, भूक लागली की आईकडं बघून करायचा तसं. माझ्या पोटाला बांधलेला होता तो, मला कळत होतं.

आत्याबाई वरून ओरडल्या, "आगं नीले! तू कवा उतरलीस?"

 आतून एवढंच आलं, "तोंड झाका, आत्याबाई. झाका, अन् जावा."

विचार करायला सवड कुठली! मला वर ओढलं, फरशी सरकवली अन् आम्ही परसामागच्या जवारीत घुसलो. माणूसभर उंच पीक, पानं तोंडाला कापायची. बसू हूं की चूं न करता पडून राहिला. गावातून धूर येत होता, ओरडणं येत होतं. मला राहून राहून एकच समाधान, की नीलाक्का तरी पेवात सुखरूप आहे.

टोळी गेली. सकाळी आम्ही परतलो. घराचं छप्पर जळालेलं. आत्याबाई तशाच पेवाकडं धावल्या, "नीले, ये गं वर, गेले ते!" फरशी सरकवून मीच उतरायला निघाले. एवढ्यात शेजारचे दस्तगीरचाचा धावत आले. गावातले सुतार ते, रात्रभर लोकांना विझवायला पाणी देत होते. त्यांनी माझा हात धरला.

"ठैरो बेटी! पैले कंदील छोडना, बाद में आदमी!"

तेव्हा आत्याबाईंना आठवलं. त्यांचं तोंड पांढरं फटक पडलं.

चाचांनी कंदील सोडला. तोंडाच्या खाली गेला न गेला तोच विझला. परत पेटवला, परत विझला. आत्याबाई छाती बडवून घ्यायला लागल्या, "मारलं गं मी माझ्या सुनंला! मीच तोंड झाकलं!"

पेव उघडं ठेवलं, दिवसभर त्या तिथंच बसून. दुसऱ्या दिवशी कंदील जळला तेव्हा चाचा स्वतः उतरले. तळ सगळा चाचपला. मग म्हणाले, "अम्मा... यहाँ कोई नैं. पाँव का निशान भी नैं."

तळाशी ओला भुसा, हात न लागलेला. आणि मला हे कळायला हवं होतं हो... फरशीचा चिखल तर आम्हीच फोडला होता! उन्हाळ्यातला, अख्खा. आमच्या आधी आत कुणी उतरणार कसं?

मुगाच्या रानात तिची पाटी सापडली, अर्धी भरलेली. नीलाक्का सापडली न्हाई. आजपर्यंत न्हाई.

मग आम्ही गाव सोडलं. सोलापूरकडच्या छावणीत, लोकांच्या पडवीत, कुठं कुठं राहिलो. निघताना आत्याबाईंनी पेवाचं तोंड झाकू दिलं न्हाई. "ती वर आली तर?" म्हणाल्या. पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, अन् पळायची पाळी दस्तगीरचाचांसारख्या मुसलमानांवर आली. आम्ही परत आलो तेव्हा त्यांच्या घराला दार नव्हतं. ते कुठं गेले, जगले का, कुणी सांगेना. माझा जीव वाचवणाऱ्या माणसाला माझ्या गावानं राखलं न्हाई, ह्याचा मला अजून संताप येतो.

आता तुम्ही म्हणाल, भास झाला. पेव घुमतं म्हणाल. घुमतं, पण आपण बोलू तेच घुमतं ना? आम्ही तर तसलं काही बोललोच नव्हतो. खराब वाऱ्यानं डोकं फिरलं म्हणाल. माझं फिरलं असेल, वर उभ्या राहिलेल्या आत्याबाईंचं कसं फिरलं? आणि लेकराचं? सगळं उलटंसुलटं करून बघितलं मी. मला उत्तर सापडलेलं न्हाई. तिथं उतरले असते तर आम्ही दोघंही वर आलो नसतो, एवढंच खात्रीनं सांगते.

बसूला मीच वाढवला. आता तो नातवंडांचा आजा झालाय. काकू म्हणतो मला. परवा आला, चहा घेतला अन् नेहमीसारखा माझ्याजवळ सरकून बसला.

"काकू, एकदा म्हण की. ती म्हणाली तसं."

मी म्हटलं. माझ्या ह्या फाटक्या आवाजात, जमेल तेवढा हेल काढून. तो डोळे मिटून ऐकत होता. मग मान हलवली.

"न्हाई काकू. आसा नव्हता तिचा आवाज." डोळे मिटलेलेच. "परत म्हण."