लिंबाखालची खूण

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून मी लातूरला आले, तेव्हा शहरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. लोह्याला घरी वाटायचं, पोरगी मोठ्या कंपनीत आहे. मी जिन्यावरच्या एका खोलीत बसून क्लासवाल्यांच्या वेबसाइट करायचे. सगळ्यांना नकाशा हवा असायचा. परगावचे आईबाप पोरांना घेऊन यायचे. त्यांना स्टँडवरून क्लास, होस्टेल, मेस सापडली पाहिजे. मी एकेका जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे, खूण लावायचे, खुणेवर बोट ठेवलं की माहिती उघडेल असं करायचे आणि कोडचा तो तुकडा त्यांच्या पानात बसवून द्यायचे. एकदा माझ्याकडून अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आणि एक क्लास थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन बसला. सरांनी आठवडाभर उघडूनच बघितलं नव्हतं.

जिन्याखाली एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं. क्लासच्या पोरांचे युनिफॉर्म तेच शिवायचे. एका दुपारी चहा घेऊन वर आले आणि माझ्या मागं उभं राहून बघत राहिले.

"हे कुठलंबी गाव दाखवतं का, बेटी?"

"हाव. कुठलं दाखवू?"

त्यांनी भूकंपात गेलेल्या एका गावाचं नाव सांगितलं. नकाशानं नवं गाव दाखवलं, सरळ रेषेत आखलेल्या घरांचं.

"हे न्हाई. जुनं."

मी नकाशा सरकवत नेला. जुन्या गावाच्या जागी वेड्या बाभळींचा हिरवा पट्टा आणि मधे मधे करडे ठिपके होते. नाव नव्हतं.

चाचांची धाकटी बहीण त्या गावात दिली होती. लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. ती, नवरा, सासू, तिघंही दगडी भिंतीखाली गेले. "म्या पोचलो तवा गाव न्हवतंच. एकानं लिंब दाखवला. म्हणला, त्याच्याखाली तुमच्या बहिणीचं घर." तेव्हापासून दर वर्षी चाचा त्या लिंबाखाली जाऊन तिच्या नावानं फातिहा पढून येत.

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत गेले. लिंब, आड, मशिदीचा चौथरा, मारुतीचा पार, शाळेच्या पायऱ्या, सगळं मोबाइलवर टिपलं आणि एक साधं पान तयार केलं. बहिणीच्या खुणेवर काय लिहू, असं विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "लिही, शिलाई माझ्यापेक्षा चांगली करायची."

पानाखाली मी लिहिलं होतं, कुणाला आपलं घर आठवत असेल तर कळवा. नव्या गावातून फोन येऊ लागले, तशा खुणा वाढत गेल्या. मग एका बाईंचा फोन आला.

"लिंबाखालचं घर आमचं हाय, बाई. लिंब माझ्या सासऱ्यानं लावलेला. माझे दोन लेकरं तिथंच गेले. तुम्ही लिहिलंय ती शिलाईवाली आडामागं राहायची, तिसरं घर. माझ्या पोरीचं झबलं तिनंच शिवलं व्हतं."

मी दोनदा विचारून घेतलं. बाईंना शिलाईवालीच्या दाराचा रंगही आठवत होता.

दोन दिवस मी चाचांच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेले. पण त्या लेकरांच्या जागेवर दुसऱ्याचं नाव ठेवणंही जमेना. तिसऱ्या दिवशी सांगितलं. चाचांनी हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, मग मशीन थांबवलं.

"इतकी वर्षं दुसऱ्याच्या दारात उभा राहिलो म्हण की."

कापड बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "लेकरं केवढे होते त्या बाईचे?"

"एक सहा वर्षांचं, एक तीन."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मग त्यांच्यासाठी पढलो. वाया न्हाई गेलं."

ते भिंतीला हात लावत जिना चढून वर आले. खूण बोटानं ओढून हलवता येते, हे मी दाखवलं. दोनदा खूण बाभळीत जाऊन पडली. तिसऱ्यांदा आडामागं बसली.

"सेव्ह करू?"

"थांब जरा." ते बराच वेळ बघत राहिले. "कर."

त्या वर्षी ते आडामागं जाऊन आले. तिथं काटेरी झाडोरा इतका माजला होता, की पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावरूनच पढले. "घरासारखं काहीच वाटलं न्हाई, बेटी," एवढंच मला म्हणाले आणि एका पोराचं माप घ्यायला वळले.

पुढच्या वर्षापासून त्यांनी जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणायचे. मी ती खूण हलवायला लावली नसती तर ते जात राहिले असते, हे त्यांनी मला कधी ऐकवलं नाही. पण मला ते माहीत आहे.